पेटीतला चेंडू आणि नोंद नसलेले मैदान

सन १९८९ च्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. मध्य प्रदेशातील एका आदिवासीबहुल उपविभागात मी नव्यानेच उपविभागीय अधिकारी म्हणून रुजू झालो होतो. दौऱ्यावर असताना वाटेत दिसेल त्या शाळेत पाच मिनिटे डोकावायचेच, अशी सवय मला माझ्या पहिल्या वरिष्ठांनी लावली होती. त्या दिवशी जी शाळा लागली तिला दोन खोल्या होत्या, समोर बऱ्यापैकी सपाट असे आवार होते, आणि टाटपट्टीवर पन्नासेक मुले बसली होती. प्रधानपाठकांनी मोठ्या अभिमानाने एक लोखंडी पेटी उघडून दाखविली. ‘ऑपरेशन ब्लॅकबोर्ड’ या केंद्रीय योजनेतून आलेले खेळाचे साहित्य तीत होते. एक फुटबॉल, एक व्हॉलीबॉल, काही रबरी चेंडू, हवा भरण्याचा पंप, उड्या मारण्याच्या दोऱ्या, रबरी कडी. दोऱ्यांची वेष्टने फाडलेली नव्हती. चेंडूंत हवा भरलेली नव्हती. पेटीतून डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता.

साहित्य कधी आले, असे विचारता उत्तर मिळाले, “आठ महीने हुए, साहब.” मग मुले खेळत का नाहीत? प्रधानपाठक क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, “साहब, गेंद फट गई तो भंडार पंजी में क्या लिखूँगा?”

माझ्याबरोबरचे लोक हसले, मीही हसलो. तरुण अधिकाऱ्याला शोभेल अशा थाटात मी त्यांना चार शब्द सुनावले, चेंडूत हवा भरवून घेतली आणि मुलांच्या हाती देऊन पुढे निघालो. जीप गावाबाहेर पडण्यापूर्वीच चेंडू पुन्हा पेटीत गेला असणार, हे कळण्याइतका अनुभव मला तेव्हा नव्हता. त्या गृहस्थांचा प्रश्न नियमाला धरून अगदी बरोबर होता, हे कळायला तर आणखी काही वर्षे जावी लागली. आपल्या देशात शाळांसाठी खेळाच्या सोयींचे नियोजन कसे होत आले आहे याचा इतिहास मी पुढे हौसेने वाचू लागलो, त्याचे मूळ त्या पेटीत आहे.

हा इतिहास तसा जुना आहे. १८८२ च्या हंटर आयोगाने शाळांतून शारीरिक विकासाला उत्तेजन द्यावे, आणि त्यासाठी शाळेच्या प्रकारानुसार देशी खेळ, जिम्नॅस्टिक्स व कवायत यांचा अवलंब करावा, अशी शिफारस केली होती. देशी खेळांचा उल्लेख त्यात पहिला आहे, हे मला नेहमीच लक्षणीय वाटते. प्रत्यक्षात मात्र मोठ्या हायस्कुलांना सैन्यातून निवृत्त झालेला एखादा हवालदार ड्रिल मास्तर म्हणून मिळाला, आणि बाकीच्यांना तोही मिळाला नाही. मैदाने खऱ्या अर्थाने आखली गेली ती राजपुत्रांच्या शाळांसाठी. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात रणजितसिंहजी क्रिकेट शिकले, अजमेरच्या मेयो कॉलेजाला विस्तीर्ण क्रीडांगणे लाभली. ज्या मुलाच्या घरी अंगण नव्हते त्याच्या शाळेलाही अंगण नसे, हा क्रम तेव्हापासूनचा आहे.

साहित्याच्या बाबतीत एक गोष्ट काश्मीरची सांगण्यासारखी आहे. श्रीनगरच्या मिशन शाळेत सेसिल टिंडेल-बिस्को हे मुख्याध्यापक १८९१ मध्ये फुटबॉल घेऊन आले. शाळेत बहुसंख्य विद्यार्थी पंडित घराण्यांतले. चेंडू चामड्याचा आहे हे कळताच त्यांनी त्याला स्पर्श करण्यास नकार दिला. बिस्कोसाहेबांनी सक्तीने खेळ सुरू करविला, आणि कालांतराने तीच मुले आवडीने खेळू लागली. सक्तीचे समर्थन मी करणार नाही. पण साहित्य पाठवून खेळ सुरू होत नाही, ते साहित्य कोणाच्या हातात, कोणत्या समाजात जाणार आहे हे पाहणारा माणूस तिथे असावा लागतो, एवढे त्या प्रसंगावरून दिसते. दिल्लीहून पेट्या पाठविणाऱ्यांना ही गोष्ट कोणी सांगितली नसावी.

याच सुमारास पश्चिमेकडे, बडोद्यात, नियोजनाची एक निराळीच रीत आकार घेत होती. बृहन्महाराष्ट्रातील वाचकांना राजरत्न माणिकराव हे नाव नवे नाही. जुम्मादादांच्या आखाड्यात तयार झालेल्या या गृहस्थांनी तो आखाडा एका विद्यापीठाच्या योग्यतेला नेला. पूर्वीची तालीम म्हणजे एक वस्ताद आणि त्याच्याभोवतीचे दहा-वीस पठ्ठे. माणिकरावांनी सांघिक व्यायामाची पद्धत बसविली आणि इंग्रजी हुकमांच्या जागी देशी भाषेतले हुकूम आणले, त्यामुळे शेकडो मुले एकाच वेळी व्यायाम करू शकली. लागणारे साहित्य काय? लेझीम, लाठी, मुद्गल, मल्लखांब आणि मातीचा हौदा. सुतार आणि लोहार गावातच असत, मोडलेली वस्तू दुसऱ्या दिवशी दुरुस्त होई. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते. शाळेत येणाऱ्या एवढ्या मुलांच्या शरीराचे काय करायचे, हा प्रश्न त्या राज्यात म्हणूनच इतरांच्या आधी उभा राहिला असावा, असे मला वाटते. बडोद्याच्याच हिंदविजय जिमखान्याने १९२३ मध्ये हुतुतूचे नियम छापले आणि सामने भरविले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोच्या नियमांना शब्दरूप दिले. पुढे १९३६ पासून बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांच्या संपादकत्वाखाली ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड मराठीत निघाले. एवढा मोठा व्यायामविषयक कोश गुजरातेत, मराठी भाषेत, एका संस्थानाच्या आश्रयाने निघावा, ही घटना आपण विसरत चाललो आहोत.

माणिकरावांच्या शिष्यांपैकी एक जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन करणारे म्हणून ते योगाच्या संदर्भात प्रसिद्ध आहेत. प्रशासनाच्या अभ्यासकाने त्यांची आठवण आणखी एका कारणासाठी ठेवावी. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले, आणि शारीरिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी कुवलयानंदांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. त्यानंतर १९३८ मध्ये कांदिवलीला सरकारी शारीरिक शिक्षण प्रशिक्षण संस्था उघडली. क्रम पाहावा. समिती नेमल्यावर वर्षभरात जे पहिले ठळक काम झाले ते शिक्षक तयार करण्याचे. साहित्यखरेदीच्या निविदांनी आरंभ झाला नाही.

मद्रासेत हेच काम त्यापूर्वीच सुरू झाले होते. स्प्रिंगफील्डला शिकलेले हॅरी क्रो बक हे अमेरिकन गृहस्थ १९२० मध्ये तेथे वाय.एम.सी.ए.चे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू करून बसले होते. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकला गेलेल्या भारतीय चमूबरोबरही ते होते. ज्या स्प्रिंगफील्डच्या संस्थेत १८९१ मध्ये बास्केटबॉल जन्मला, तिथला हा माणूस. बास्केटबॉलला पक्की जमीन आणि खांब लागतात, त्यामुळे तो आपल्याकडे शहरांतच राहिला. व्हॉलीबॉल मात्र खेडोपाडी पोचला. कारण उघड आहे. दोन बांबू, एक जाळे किंवा नुसती दोरी, आणि एक चेंडू. पंजाबपासून केरळापर्यंत आजही संध्याकाळी गावाबाहेरच्या माळावर जे जाळे बांधलेले दिसते, त्याला कोणत्याही सरकारी योजनेचे अनुदान लागले नव्हते.

येथे थोडे हिशेबाचे बोलतो, कारण नियोजनाची बैठक हिशेबाशिवाय उठत नाही. फुटबॉलच्या मैदानाचे नियमांत बसणारे लहानात लहान माप ९० मीटर बाय ४५ मीटर, म्हणजे जवळजवळ बरोबर एक एकर. त्यावर एका वेळी बावीस मुले खेळतात. खो-खोला २७ बाय १६ मीटर लागतात, कबड्डीला १३ बाय १०, व्हॉलीबॉलला १८ बाय ९. रेषांबाहेर सोडायची मोकळी जागा धरूनही ही तिन्ही मैदाने मिळून सुमारे बाराशे चौरस मीटरांत, म्हणजे एकराच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी जागेत बसतात, आणि त्यांवर एका वेळी अडतीस मुले खेळतात. कबड्डी व खो-खोला साहित्य असे काही लागतच नाही. खो-खोचे दोन खांब आणि चुन्याची फक्की, बस्स. मैदानाची लांब बाजू शक्यतो उत्तर-दक्षिण ठेवावी, म्हणजे सकाळ-संध्याकाळच्या उन्हात कोणत्याही संघाच्या डोळ्यांवर सूर्य येत नाही. पाणी साचू नये म्हणून किंचित उतार द्यावा. दगड वेचून मुरूम दाबावा. या एवढ्याशा ज्ञानाला अभियंता लागत नाही, पण ते ठाऊक असलेला एक शिक्षक मात्र लागतो. माझ्या सेवाकाळात शाळांच्या इमारतींचे किमान तीनशे नकाशे माझ्या टेबलावरून गेले असतील. त्यांत क्रीडांगणाचे माप लिहिलेला नकाशा मला आठवत नाही. इमारतीभोवतीची जागा कोरी सोडलेली असे, इतकेच.

स्वातंत्र्यानंतरचे पहिले दशक या विषयात मोठ्या उमेदीचे होते. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने, म्हणजे माध्यमिक शिक्षण आयोगाने, शारीरिक शिक्षणावर सविस्तर लिहिले. त्यातील एक शिफारस अशी की शहरांतील मोकळ्या जागा राखून ठेवाव्यात, अनेक शाळांनी मिळून त्यांचा क्रीडांगण म्हणून उपयोग करावा, आणि त्यांवर कारखाने, दुकाने वा गृहनिर्माण संस्था यांचे आक्रमण होऊ नये म्हणून केंद्राने व राज्यांनी कायदा करावा. ही शिफारस वाचकांनी ध्यानात ठेवावी, आपल्याला तिच्याकडे परत यायचे आहे. १९५६ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने शारीरिक शिक्षण व मनोरंजनाची राष्ट्रीय योजना प्रसिद्ध केली. १७ ऑगस्ट १९५७ रोजी, सत्तावनच्या शताब्दी वर्षात, राणी लक्ष्मीबाईंनी जेथे देह ठेवला त्या ग्वाल्हेरात त्यांच्या नावाने शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू झाले. त्याचे पहिले प्राचार्य पी. एम. जोसेफ हे कांदिवलीच्या संस्थेचे प्राचार्यपद सांभाळून आलेले. मुंबई प्रांतातील अनुभव अशा रीतीने अखिल भारतीय झाला.

पण त्या दशकातील सर्वांत बोलका प्रयोग एका मराठी सेनानीचा आहे. आझाद हिंद सेनेतील जनरल जगन्नाथराव भोसले, मूळचे सावंतवाडीकडचे, स्वातंत्र्यानंतर केंद्रात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री होते. फाळणीत घरदार गमावलेली मुले दिल्लीच्या निर्वासित वसाहतींत वाढत होती. अशा मुलांच्या कस्तुरबा निकेतन या शाळेत १९५४ मध्ये भोसल्यांनी ‘राष्ट्रीय शिस्त योजना’ सुरू केली. कवायत, सामूहिक व्यायाम, गाणी, देशाच्या इतिहासातल्या गोष्टी. साहित्य जवळजवळ शून्य. होते काय, तर वसाहतीतली मोकळी जागा आणि मुलांमध्ये दिवसभर राहणारे प्रशिक्षक. योजना इतकी पसरली की पुढे तिचे, एन.सी.सी.चे आणि शाळांतील नेहमीच्या शारीरिक शिक्षणाचे क्षेत्र एकमेकांत घुसू लागले. ही गुंतागुंत सोडविण्यासाठी १९५९ मध्ये पंडित हृदयनाथ कुंझरू यांची समिती नेमली गेली, आणि तिच्या शिफारशींवरून १९६५ मध्ये सर्व कार्यक्रम एकत्र करून ‘राष्ट्रीय स्वास्थ्य दल’ या नावाखाली आणले गेले. एकत्रीकरण कागदावर नीटनेटके होते. नंतर प्रशिक्षक राज्यांकडे सोपविण्याचे ठरले, आणि वेतन कोणी द्यायचे, ज्येष्ठता कोठून धरायची या पत्रव्यवहारात योजनेचा जीव गेला. एखाद्या उत्साही माणसाने उभारलेले काम संवर्गात बसविताना त्याचे काय होते, याचे दाखले आपल्या प्रशासनात पुष्कळ आहेत. हा त्यांपैकी एक.

फाळणीचा उल्लेख आला म्हणून साहित्याविषयी आणखी एक गोष्ट. भारतात खेळाचे साहित्य बनविण्याचे मोठे केंद्र होते सियालकोट. १९४७ मध्ये ते पाकिस्तानात गेले. तिथले हिंदू व शीख कारखानदार आणि कारागीर निर्वासित होऊन जालंधर व मेरठ येथे आले, आणि अंगच्या कलेवर त्यांनी तो धंदा पुन्हा उभा केला. देशातल्या शाळेच्या पेटीत पोचणारा चेंडू बहुधा या दोन शहरांपैकी एकातला असतो. निर्वासितांच्या हातांनी शिवलेला चेंडू आणि निर्वासितांच्या मुलांसाठी निघालेली भोसल्यांची योजना एकाच दशकातली आहेत. चेंडूचा धंदा टिकला, योजना टिकली नाही.

१९८२ च्या दिल्ली एशियाडने या क्षेत्रातील पैशाची दिशा बदलली. भव्य क्रीडागारे उभी राहिली, केंद्रात स्वतंत्र क्रीडा विभाग झाला, १९८४ मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरण आले. पदके हवीत, हे कोणीही नाकारणार नाही. पण घटनेच्या सातव्या अनुसूचीत क्रीडा हा विषय नाटकगृहे व करमणूक यांच्या पंगतीत राज्यसूचीत आहे, आणि शिक्षण १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने समवर्ती सूचीत गेले आहे. शाळेचे मैदान या दोहोंच्या मध्ये पडते. क्रीडा खात्याला विचारावे तर ते शाळेच्या ताब्यात आहे म्हणतात, शिक्षण खात्याला विचारावे तर तो क्रीडेचा विषय आहे म्हणतात. जमीन महसूल खात्याची, ते काहीच म्हणत नाहीत. मी तिन्ही खात्यांच्या बैठकांना तिन्ही बाजूंनी बसलेलो असल्यामुळे हे अधिकारवाणीने सांगू शकतो.

१९८६ चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले. त्यात लिहिले होते की मैदाने, साहित्य, प्रशिक्षक आणि शारीरिक शिक्षक यांचे देशव्यापी जाळे शिक्षणव्यवस्थेत गुंफले जाईल, आणि शहरांतील उपलब्ध मोकळ्या जागा, गरज पडल्यास कायदा करून, क्रीडांगणांसाठी राखल्या जातील. मुदलियार आयोगाची शिफारस ती हीच. मध्ये तेहेतीस वर्षे गेली, तेवढ्या काळात त्या जागांपैकी किती उरल्या असतील याचा अंदाज मुंबई, कानपूर किंवा कोलकात्यात वाढलेल्या कोणालाही करता येईल.

याच धोरणातून १९८७-८८ मध्ये ‘ऑपरेशन ब्लॅकबोर्ड’ निघाले, आणि आपण पुन्हा त्या लोखंडी पेटीपाशी येतो. धोरणाच्या वाक्यात मैदान, साहित्य आणि शिक्षक अशा तिन्ही गोष्टी होत्या. मार्चअखेर खर्च दाखविता येईल अशी त्यांतली एकच होती. मैदानासाठी जमिनीचा दावा चालवावा लागतो, शिक्षकासाठी पद मंजूर करावे लागते व त्याचा पगार तीस वर्षे द्यावा लागतो. चेंडू दरकरारावर ट्रकभर येतो. सबब तिसऱ्या क्रमांकाची गोष्ट पहिली झाली. योजनेच्या कर्त्यांना मी दोष देणार नाही. ज्या शाळेला फळाही नव्हता तिथे त्यांनी निदान काही पोचविले, हे मोठेच काम होते. यादीत पंपसुद्धा होता, म्हणजे विचार करणारा कोणीतरी होता. मात्र सहा-सात वर्षांच्या मुलांपुढे मोठ्या माणसांच्या मापाचा चेंडू येऊन पडला, आणि तो हिशेबात कोणत्या सदराखाली धरायचा हे कोणी सांगितले नाही.

सगळी मेख त्या सदरात आहे. शासकीय भांडारात वस्तूंचे दोन प्रकार असतात. एक वापरून संपणाऱ्या, जसे कागद, शाई, खडू. दुसऱ्या टिकणाऱ्या, जसे टेबल, कपाट, घंटा. दुसऱ्या प्रकारच्या वस्तू जडसंग्रह नोंदवहीत चढतात. ज्या शाळांत खेळाचे साहित्य या दुसऱ्या वहीत चढविले गेले, तिथे चेंडू कपाटाच्या शेजारी जाऊन बसला. कपाट वर्षाअखेर मोजले की जसेच्या तसे भरावे, तसाच चेंडूही भरावा अशी अपेक्षा झाली. फाटला तर निर्लेखनाचा प्रस्ताव, त्यावर समिती, जबाबदारीची निश्चिती, आणि निर्णय होईपर्यंत फाटका चेंडू जपून ठेवणे आले. चारशे रुपये पगाराच्या दिवसांत नोकरीला लागलेल्या आणि निवृत्तीच्या वेळी ‘ना देय प्रमाणपत्रा’साठी हेलपाटे घालावे लागणार आहेत हे जाणणाऱ्या प्रधानपाठकाने दुसरे काय करावे? रबर पडून पडून कडक होते, ब्लॅडर चिकटते, चामड्याला बुरशी येते. चेंडू न वापरताच मरतो, पण वहीत जिवंत राहतो. पुढे एका जिल्ह्यात असताना मी लेखा अधिकाऱ्यांशी वाद घालून चेंडू, दोऱ्या व जाळी खडूच्या सदरात धरण्याचा आदेश काढला. आदेश दीड पानाचा होता. माझ्या सेवेतील जी मोजकी कामे मला समाधान देतात त्यांत तो आहे.

ज्याचे समाधान नाही तेही सांगितले पाहिजे. १९९८ मध्ये मी एका जिल्ह्याचा जिल्हाधिकारी होतो. शाळेत येणाऱ्या मुलांची संख्या झपाट्याने वाढत होती आणि अतिरिक्त खोल्यांसाठी निधी आला होता. तो ठरावीक मुदतीत खर्च होणे आवश्यक होते. तहसिलीच्या गावी एका माध्यमिक शाळेत तीन खोल्या बांधायच्या होत्या. शाळेच्या मागे अडीच एकरांची पडीक सरकारी जमीन होती, पण तिच्या कडेला चार-पाच घरांचे अतिक्रमण होते आणि प्रकरण तहसीलदारांच्या न्यायालयात पडून होते. पटवाऱ्याने अहवाल दिला की शाळेच्या ताब्यातील “रिक्त भूमि” निर्विवाद आहे. मी सही केली. पायाभरणीला गेलो तेव्हा दिसले की ती रिक्त भूमी म्हणजे खो-खोचे मैदान होते. दोन्ही खांब उपटून भिंतीला टेकवून ठेवले होते. शाळेतले वृद्ध व्यायामशिक्षक, बहुधा ग्वाल्हेरकडचे, माझ्या आडनावावरून ओळखून मराठीत म्हणाले, “साहेब, मुलींचा संघ यंदा संभागीय स्पर्धेला जायचा होता.” मी त्यांना मागच्या जमिनीचा निकाल लवकर लावण्याचे आश्वासन दिले. ते खोटे नव्हते. चार महिन्यांत माझी बदली झाली.

मी महसूल खात्याचा माणूस, म्हणून मला त्या शाळेचे कागद पाहण्याची बुद्धी नंतर झाली. जडसंग्रह नोंदवहीत दोन खांब होते, एक जाळे होते, तीन चेंडू होते. मैदानाची नोंद कोठेही नव्हती. खसऱ्यात संपूर्ण क्रमांकापुढे ‘शाला भवन’ एवढाच शेरा. खांब हरवले असते तर कोणाकडून तरी वसुली झाली असती. मैदान गेले याची विचारणा करील असा एकही कागद शासनाच्या दप्तरी नव्हता.

त्यानंतरच्या काळात कायद्याने बरेच अंतर कापले आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेच्या इमारतीबरोबर क्रीडांगण हा निकष आला, आणि प्रत्येक वर्गाला गरजेप्रमाणे खेळाचे साहित्य द्यावे असेही आले. २०१८ पासून समग्र शिक्षा योजनेत प्राथमिक शाळेला खेळासाठी ५,००० रुपये, उच्च प्राथमिकला १०,००० आणि माध्यमिक व उच्च माध्यमिकला २५,००० रुपयांपर्यंत निधी मिळू लागला. ‘असर’ संस्थेच्या २०१८ च्या ग्रामीण पाहणीत दहापैकी सुमारे आठ शाळांतील मुलांना आवारात वा जवळपास खेळायला जागा असल्याचे आढळले. आकडा दिलासा देणारा आहे. त्याच पाहणीत शारीरिक शिक्षणासाठी शिक्षक असलेल्या शाळा मात्र प्राथमिकमध्ये ५.८ टक्के आणि उच्च प्राथमिकमध्ये ३०.८ टक्के निघाल्या. कुवलयानंदांच्या समितीनंतर ऐंशी वर्षांनी ही स्थिती आहे.

मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर हरियाणातील यमुनानगर जिल्ह्यातील एका गावाचे प्रकरण आले. शाळेसाठी राखलेल्या जागेवर काही जणांनी घरे बांधली होती, आणि बाजारभावाने किंमत घेऊन ती नियमित करावीत असा मार्ग उच्च न्यायालयाने काढला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. क्रीडांगणाशिवाय शाळा असू शकत नाही असे नमूद करून अतिक्रमण काढण्यासाठी बारा महिन्यांची मुदत दिली. निकालाची बातमी वाचली तेव्हा मी निवृत्त झालेलो होतो. बाजारभाव घेऊन विषय संपविण्याचा तो मार्ग मला परका वाटला नाही. माझ्या टेबलावर तसा प्रस्ताव आला असता तर मीही कदाचित तोच सुचविला असता.

२०१४ मध्ये एका लग्नाच्या निमित्ताने मला त्या तहसिलीच्या गावी जाण्याचा योग आला होता. दुपारी मोकळा वेळ होता म्हणून शाळेकडे गेलो. मागच्या अडीच एकरांत आता पक्की वस्ती होती, रस्त्याला नाव होते. माझ्या सहीच्या तीन खोल्यांना जोडून आणखी दोन झाल्या होत्या. खोल्या आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये जी पट्टी उरली होती ती मी पावलांनी मोजली. एकोणीस बाय नऊ-साडेनऊ. मुलांनी तीत व्हॉलीबॉलचे जाळे बांधले होते. खेळ रंगात आला होता. मागे उभे राहायला जागा नसल्यामुळे एका बाजूची मुले वर्गाच्या पायरीवर चढून सर्व्हिस करीत होती, आणि दुसऱ्या बाजूची कुंपणाच्या भिंतीवर बसून.